मधमाश्या रस नेतात म्हणून फळ पोसत नाही, असं होत नाही

प्रश्न : भोपळा आणि काकडीच्या फुलांवर सकाळी मधमाश्या तुटून पडतात. फुलातला गोड रस त्या नेतात, तर फळाला पोषण कमी पडत नाही का? फवारणी करून त्यांना हटवावं का?

उत्तर : कृपा करून हटवू नका. हा रस, म्हणजे मकरंद, फळाच्या वाट्याचा नसतोच. फळ पोसतं ते पानांत तयार होऊन देठातून येणाऱ्या साखरेवर. तुम्हाला वाटतं तेच एकेकाळी काही वनस्पती अभ्यासकांनाही वाटत होतं. मकरंद कीटकांना बोलावण्यासाठी असतो, हे जर्मनीतले वनस्पती अभ्यासक स्प्रेंगेल यांनी १७९३ मध्ये बारकाईच्या निरीक्षणांतून मांडलं.

उद्या उजाडताच भोपळ्याचं एक नर फूल तोडून पाहा. मधल्या पिवळ्या दांड्याच्या बुडाशी बारीक भोकं दिसतील. मकरंद त्याच्या आत असतो. मधमाशी तिथे तोंड घालायला खाली उतरते, तेव्हा तिचं अंग दांड्यावरच्या परागाला घासतं. मादी फुलात हाच रस मधल्या भागाभोवती उघड्या कड्यासारखा साठतो. तो पिताना माशीच्या अंगावरचे परागकण तिथे टेकतात. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडून जात नाही. नर फूल वेगळं, मादी वेगळं, आणि दोन्ही एकाच सकाळपुरती उघडतात; दुपारपर्यंत मिटली की संधी गेली. पराग कमी पडला की कोवळं फळ पिवळं पडून गळतं, किंवा काकडी एका टोकाला बारीक, वाकडी होते. असा माल दिसला की आधी खताकडे बोट दाखवलं जातं. पण सकाळी फुलांवर माश्या येतात का, हेही पाहायला हवं.

एका फुलात मकरंद थोडाच का असतो, हेही समजून घ्या. एकाच फुलावर पोट भरलं तर माशी थेट पोळ्याकडे जाईल. थोडा मिळतो म्हणून ती पुढच्या फुलावर जाते, आणि पराग तिच्यासोबत जातो. उरलेला मकरंद अनेक वनस्पती परत शोषूनही घेतात. मक्याचा पराग वाऱ्यावर जातो, म्हणून त्याच्या फुलांत मकरंद नसतो. टोमॅटो, वांग्यातही तो नसतो. तिथे अंग थरथरवून पराग झाडणारे भुंगे कामाला येतात. म्हणून त्या पिकांत मधपेट्यांवर फार भिस्त ठेवू नका.

फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडू देऊ नका, मकरंद घटतो. फवारणी अगदी गरजेचीच असेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करा. मात्र आंतरप्रवाही औषध झाडात भिनून मकरंदात उतरतं, त्यामुळे वेळ बदलून त्याचा धोका टळत नाही. फुलोऱ्यात अशी औषधं टाळाच.

प्रश्न : कपाशीच्या पानाखाली मुंग्या आहेत, शिरेवर गोड थेंब दिसतो. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, समजून फवारू का?

उत्तर : आधी पान उलटून नीट बघा. मधल्या शिरेवर, देठाच्या बाजूला, एक छोटा खळगा असतो. थेंब तिथेच असेल तर तो झाडाचाच मकरंद आहे, रोग नाही. फुलाबाहेरचा हा रस मुंग्या आणि मित्रकीटकांना झाडावर थांबवतो. ते अळ्यांची अंडी आणि लहान अळ्या खातात. माव्याचा चिकटा वेगळा. तो खालच्या पानांच्या वरच्या बाजूवर चकाकतो, पुढे त्यावर काळी बुरशी चढते आणि कोवळ्या शेंड्यात मावा डोळ्यांना दिसतो. मुंग्या माव्यालाही राखतात, म्हणून नुसत्या मुंग्या दिसल्यावर निर्णय घेऊ नका. शेंडे तपासा. मावा सापडला नाही तर पंप बाहेर काढायची गरज नाही.