सिनेमा वाईट की टीव्हीचं सेटिंग?

प्रश्न : सगळ्यांनी नावाजलेला एक भव्य ऐतिहासिक चित्रपट घरी पाहिला. महाल, लढाया, दागिने, सगळंच दुपारच्या मालिकेसारखं बेगडी वाटलं. माझंच मत एवढं वेगळं कसं?

उत्तर : मत नोंदवण्याआधी टीव्हीच्या पिक्चर मेनूत डोकवा. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ फ्रेम्सनी, म्हणजे स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. टीव्ही मात्र सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र रंगवतो आणि दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घुसवतो. त्यामुळे हालचाल तुळतुळीत होते. व्हिडिओवर टिपलेल्या मालिका आणि बातम्या परंपरेने सेकंदाला ५० किंवा ६० वेळा टिपल्या जातात, म्हणून डोळा लगेच 'मालिका' म्हणतो आणि खोटा मुकुट खोटाच दिसायला लागतो. धावत्या माणसाच्या कडेभोवती धूसर वलय थरथरत असेल, तर हेच चाललंय असं समजा.

प्रत्येक कंपनीने या सोयीला वेगळं नाव दिलंय : ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस वगैरे. ती 'ऑफ' करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर प्रश्नच नाही, त्यात ही लुडबुड आणि कृत्रिम धार दोन्ही बंद असतात. मात्र हे सेटिंग बऱ्याच टीव्हींवर प्रत्येक इनपुटला वेगळं असतं. एचडीएमआयवर (बाहेरचं उपकरण जोडायच्या तारेच्या इनपुटवर) बंद केलं तरी टीव्हीतल्या ॲपवर ते चालूच राहू शकतं, आणि एचडीआर (जास्त चमक आणि रंग असलेला) चित्रपट लागला की पुन्हा तपासावं लागतं.

बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळल्यासारखं वाटेल. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते. १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र रंगवणाऱ्या, पडद्यावर प्रत्येक फ्रेम सारखी पाच वेळा येते आणि ही कटकट उरत नाही. फारच खटकलं तर 'डी-जडर' (अडखळणं कमी करणारं सेटिंग) दहापैकी एक-दोनवर ठेवा, त्यापुढे नको.

प्रश्न : संवाद पुटपुटल्यासारखे, पार्श्वसंगीत मात्र कानठळ्या बसवणारं. 'ध्वनी अत्यंत वाईट' असं लिहिलं तर चूक ठरेल का?

उत्तर : कदाचित. ५.१ ध्वनीपट्टीत (पाच स्पीकर आणि एक बासचा, अशा सहा चॅनलच्या) संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात. बहुतेक टीव्हींना मधला स्पीकरच नसतो. जे दोन असतात ते बरेचदा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. मधल्या चॅनलचा आवाज या दोघांत नीट मिसळला नाही की संवाद बारीक होतात.

आधी ॲपच्या ऑडिओ यादीत ५.१ ऐवजी स्टिरिओ निवडा. टीव्हीला साधे दोनच स्पीकर जोडले असतील तर डिजिटल आउटपुट 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) करा. 'व्हर्च्युअल सराउंड' बंद करा, कारण तो संवादालाही खोलीभर पसरवतो. मग 'नाइट मोड' लावून पाहा : मोठे आवाज दबतात, हळू आवाज वर येतात. इक्वलायझर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारं सेटिंग) असेल तर ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, वाढवण्याआधी १०० हर्ट्झची, म्हणजे बासची, पट्टी दोन-तीन घरं खाली आणा. उच्चारांची स्पष्टता साधारण १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते आणि बासची घुमी तीच झाकते.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आधी कोण पुढे आहे ते बघा. आवाज पुढे धावत असेल तर 'ऑडिओ डिले' १०–२० मिलिसेकंदांनी वाढवत न्या. आवाज मागे राहत असेल तर हे सेटिंग निरुपयोगी, ते आवाजाला आणखी मागेच ढकलतं. दोष बहुतेक ब्लूटूथचा असतो, तार लावा.

एवढं करूनही शब्द कळत नसतील तर खुशाल लिहा. काही दिग्दर्शक मुद्दाम संवाद गोंगाटात बुडवतात. ती त्यांची निवड, आणि ती न आवडण्याचा हक्क तुमचा.

प्रश्न : रात्रीच्या प्रसंगांत नुसता काळोख, वर-खाली काळ्या पट्ट्या. छायालेखकाला शून्य गुण द्यावेत काय?

उत्तर : थांबा. पडद्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत असेल तर आधी ती विझवा. 'एनर्जी सेव्हिंग' आणि खोलीचा उजेड मोजणारा सेन्सर बंद करा; अंधारलेल्या खोलीत हे दोघं पडदा आणखी मंद करतात. बऱ्याच टीव्हींवर 'ब्राइटनेस' हे काळ्या रंगाची पातळी बदलतं. ते वाढवलं की काळा राखाडी होतो, तपशील काही वाढत नाही. उजेड हवा असेल तर 'बॅकलाइट' वाढवा. 'व्हिव्हिड' मोड तर अंधारातले बारकावे गिळूनच टाकतो. स्वस्त पडद्याला एचडीआरची चमक पेलत नाही, तिथे एसडीआर, म्हणजे साध्या चमकेची, आवृत्ती मिळाली तर तीच जास्त दिसेल. काळोखात चौकोनी डाग हलताना दिसले तर तो छायालेखकाचा नव्हे, कमी बिटरेटचा, म्हणजे सेकंदाला कमी डेटा येण्याचा, प्रताप.

काळ्या पट्ट्या दोष नाहीत. २.३९:१ चा (उंचीच्या २.३९ पट रुंद) चित्रपट १६:९ च्या पडद्यावर पूर्ण दाखवला की पाव पडदा रिकामा राहतोच. 'झूम' करून पडदा भरला तर तेवढीच, म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाव चौकट कापली जाते. दोघांच्या प्रसंगात एकाचा चेहराच गायब, आणि वर आपण म्हणणार मांडणी ढिसाळ!

प्रश्न : डब केलेला चित्रपट पाहून अभिनयावर बोलावं का?

उत्तर : नजर, देहबोली, थांबे यांवर बोला. आवाजावर नाही, तो बहुधा दुसऱ्या कलाकाराचा असतो. सबटायटल्स वाचून संवादलेखकालाही मोडीत काढू नका. पडद्यावर फार तर दोन ओळी मावतात, त्यामुळे बोलणं छाटूनच लिहिलेलं असतं. डब की मूळ, हे मतात पहिल्याच ओळीत सांगा.

प्रश्न : तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने पाहिला. संथ वाटला.

उत्तर : मग गतीवर मत देऊ नका, कथेवर द्या.

प्रश्न : मित्रमंडळींसाठी चार ओळी लिहायच्या असतात. काय लिहावं?

उत्तर : 'मस्त' आणि 'बकवास' यांनी वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एक प्रसंग निवडा आणि तो का जमला किंवा का फसला ते सांगा : कॅमेरा कुठे होता, कट लवकर आला की उशिरा, पात्राने जे केलं त्याची तयारी आधी झाली होती का. कथा पहिल्या पाव भागापलीकडे उघड करू नका. 'शेवटी धक्का आहे' हेसुद्धा नको, वाचणारा मग पूर्ण वेळ धक्काच शोधत बसतो. पडदा केवढा होता तेही लिहा. ५५ इंची टीव्ही साधारण १.७ ते २.२ मीटरवरून पाहिला तर दूरच्या दृश्यांतली माणसं दिसतात. फोनवर पाहिला असेल तर दृश्यभव्यतेबद्दल गप्प राहा.