दिवाळे नेमके कोणाचे?

अमेरिकेतल्या बंद पडलेल्या दुकानांच्या आठवणी लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: ‘मार्शल फील्ड्स, वूलवर्थ, केमार्ट यांची दिवाळी निघाली’ असे अनेकवचन चालेल का? केळे-केळी तसे दिवाळे-दिवाळी; व्याकरण आडवे येत नाही. पण कानाला सणच ऐकू येतो, तेव्हा एकवचन ठेवा.

माझी तक्रार वेगळीच आहे. दुकान दिसेनासे झाले की ‘दिवाळे निघाले’ म्हणून मोकळे व्हायचे, हे आता ऊठसूट कानी पडते. शिकागोच्या मार्शल फील्ड्सचे कुठे दिवाळे निघाले? ते विकले गेले आणि सप्टेंबर २००६ मध्ये त्यावर मेसीज या दुसऱ्या दुकानसाखळीची पाटी चढली. स्टेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याचे भलेमोठे घड्याळ अजून लटकते आहे. उलट मेसीज १९९२ मध्ये स्वतः दिवाळ्याचा अर्ज घेऊन न्यायालयात गेले होते, आणि ते आजही उभे आहे! वूलवर्थने १९९७ मध्ये अमेरिकेतली आपली दुकाने बंद केली, पण कंपनी बूट विकत राहिली. आजची फूट लॉकर ती हीच. याला मराठीत गाशा गुंडाळणे म्हणतात. गाशा म्हणजे खोगिरावरचे कापड.

आता दिवाळे. ड्रमंड नावाच्या लेखकाने १८०८ साली मुंबईत छापलेल्या आपल्या गुजराती-मराठी-इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात लिहून ठेवले आहे की व्यापारी बुडाला, की पेढीत किंवा घरात ढणढणता दिवा लावून काही दिवस नाहीसा होई. हिशेब उघड झाले, उरलेल्या मालमत्तेची वाटणी होऊन सावकारांचे समाधान झाले, की परत येई. दिवा, म्हणून दिवाळे. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाने हा उतारा घेतला खरा, पण व्युत्पत्ती वादग्रस्त असल्याची शेपटी जोडली. समोर दिवा जळताना वाद कसला घालायचा? ‘बँकरप्ट’चे मूळ इटालियन, ‘मोडका बाक’. तिथे बाक मोडला की कारभार आटोपला. आपल्याकडे दिवा लागला की हिशेब सुरू होतो. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याचे अकरावे प्रकरणही हेच करते: सावकारांना थोपवून धरायचे, वह्या उघडायच्या, जमल्यास पुन्हा उभे राहायचे. तेव्हा ‘दिवाळे’ हा शब्द तिथे ‘बँकरप्ट’पेक्षाही चपखल बसतो, असे माझे ठाम मत आहे.

आणि केमार्ट! तिथे १९६५ पासून खांबावर निळा दिवा लावत. तो लुकलुकला की त्या रांगेतला माल काही मिनिटांपुरता स्वस्त, आणि गिऱ्हाइके गाड्या ढकलत तिकडे धावत. १९९१ मध्ये तो विझवला, २००१ मध्ये पुन्हा लावला, आणि जानेवारी २००२ मध्ये कंपनी न्यायालयात उभी राहिली. पुढच्याच वर्षी ती त्यातून बाहेरही आली. भर दिवसा दुकानात दिवा, मग हिशेब, मग परत येणे! केमार्टचे दिवाळे निघाले, असे खुशाल लिहा.