अनेक वाद्यं वाजवणारा जॅझमधला एखादा साथीदार वादक सांगाल का?

माझं उत्तर : रे नान्स. जन्म शिकागोचा, 1913 सालचा. ट्रंपेट, व्हायोलिन, गाणं आणि वर नाचही! म्हणून तर ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ वाद्यवृंदात त्याला ‘फ्लोअरशो’ (नाइट क्लबमधला नाच-गाण्याचा कार्यक्रम) म्हणत.

आधी तो पियानोवादक अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात होता. 1940 मध्ये एलिंग्टनचा ट्रंपेटवादक कूटी विल्यम्स क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात गेला आणि एलिंग्टनने ती जागा नान्सला दिली. जागा अवघड होती, कूटीचे चाहते काही कमी नव्हते. पण पुढच्याच वर्षी एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं ‘टेक द ए ट्रेन’ ध्वनिमुद्रित झालं. त्यातला ट्रंपेटचा एकल तुकडा नान्सचा. तो लोकांच्या कानात असा बसला की पुढे इतर वादकही तोच जवळपास जसाच्या तसा वाजवू लागले. 1962 मध्ये एलिंग्टनकडे परतलेला खुद्द कूटीसुद्धा! साथीदाराला याहून मोठी पावती कुठली?

मला मात्र त्याचं व्हायोलिन जास्त आवडतं. एरवी ब्रासच्या (ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांच्या) दणदणाटात राहणारा हा माणूस एलिंग्टनच्या ‘कम संडे’मध्ये किती हळुवार वाजवतो, ते ऐकाच. 1963 पर्यंत, मधला थोडा काळ वगळता, तो एलिंग्टनकडेच होता. 1976 मध्ये वारला.