वाचक विचारतात: सुट्टीतला फुकटचा बालमेळा

मे महिना उजाडला की सांगली-मिरजेत कुठल्या ना कुठल्या मैदानावर मंडप पडतो. जादूचे प्रयोग, बाहुल्यांचा खेळ, मातीकाम, जंपिंग, आणि प्रवेश विनामूल्य. त्यावर या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातली सात इथे घेतली आहेत.

मेळा चारला सुरू होऊन नऊला संपतो. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. चारलाच गेलं तर गर्दी कमी मिळेल ना? (विश्रामबाग)

गर्दी कमी मिळेल, पण ऊन पुरेपूर मिळेल. मे महिन्यात सांगलीचा पारा अडतीस-चाळीसच्या आसपास असतो आणि चार वाजता मैदानाची जमीन दुपारभर तापून बसलेली असते. मोठ्या माणसाच्या डोक्यापेक्षा मुलाचं डोकं जमिनीच्या किती जवळ असतं ते बघा, म्हणजे त्याला आपल्यापेक्षा जास्त धग का लागते ते कळेल. घसरगुंडीचा पत्रा चारला हात लावून बघा. तुमचाच हात टिकत नसेल तर मुलाची मांडी टिकणार नाही.

साडेपाचला घर सोडा आणि सहापर्यंत पोचा. सूर्य सातच्या सुमारास मावळतो. पावणेआठला परतीची वाट धरा. चार वर्षांच्या मुलाला पावणेदोन तास पुष्कळ होतात. दुपारची झोप त्या दिवशी चुकवायची नाही. साडेचार-पाचला पोटभर खायला घाला: वरणभात, दशमी, जे रोज खातो तेच. उपाशी मूल मैदानात शिरलं की पहिली मागणी तळलेल्या पदार्थांच्या गाडीकडेच जाते. घरातून निघताना शू करवून घ्या. मैदानातली फिरती स्वच्छतागृहं सातनंतर वापरण्यासारखी राहतीलच असं नाही.

बहुतेकांचं गणित एका ठिकाणी चुकतं. फुकट आहे म्हणून सगळं बघून घ्यायचं ठरवतात आणि सहा स्टॉलच्या रांगेत मुलाला उभं करतात. खरं तर तिकीट नसण्याचा फायदा उलटा आहे. अर्ध्या तासात घरी आलात तरी काही बुडत नाही. दोनच गोष्टी ठरवा, एक हाताने करायची आणि एक बसून बघायची. हाताची आधी घ्या, कारण फुकटची माती, कागद, रंग सातपर्यंत संपत येतात. नावनोंदणीचं टेबल असेल तर आल्या आल्या तिथे एकाने जावं आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन सावलीत थांबावं. वीस मिनिटांत नंबर येत नसेल तर ती रांग सोडून द्या.

मूल दमलं हे कसं ओळखायचं? दमलेलं मूल गप्प बसतं असं नाही. उगाच खिदळतं, सैरावैरा धावतं, हात झटकतं, डोळे चोळतं. “अजून केवढा दम आहे बघा,” असं आपण म्हणतो, तीच निघायची वेळ असते.

दीड वर्षाच्या मुलीसाठी बाबागाडी नेऊ नका. मुरमाच्या मैदानात पुढची चाकं रुततात आणि गर्दीत ती लोकांच्या पायात येते. झोळीत किंवा कडेवर घ्या. झोळीत तिचा चेहरा दिसत राहिला पाहिजे आणि हनुवटी-छातीत दोन बोटं मावली पाहिजेत. अंगाला अंग लागून दोघींनाही उकडतं, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर काढा. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर शाल पांघरणं हा तर नेहमीचा घोटाळा. आतली हवा कोंडते आणि बाहेरच्यापेक्षा जास्त तापते.

नातवंडं गारीगार आणि गोळा मागतात. द्यावा का? आणि घरून काय न्यावं? (मिरज)

आजी, गोळ्याच्या गाडीपाशी आधी बर्फ बघा. निळसर दिसला तर तो खाण्याचा नाही. नुसत्या थंडाव्यासाठी वापरायच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम अन्नसुरक्षा खात्याने केलेला आहे. बर्फ पांढरा आहे म्हणून चांगलाच, असं मात्र धरू नका. गोणपाटात गुंडाळून जमिनीवर ठेवलेला बर्फ असेल तर बाजूला व्हा. त्यापेक्षा छापील वेष्टनातली कुल्फी बरी.

धूर निघणारं ‘स्मोक बिस्किट’ कुठल्याही वयाच्या मुलाला देऊ नका. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो आणि त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. द्रव पूर्ण उडून न जाता पोटात गेला तर तोंड, घसा, जठर भाजल्यासारखं होतं. गंमत दोन सेकंदांची असते आणि तेवढ्यासाठी हा धोका पत्करायचा नाही.

आता आपल्याकडचं भडंग. चार वर्षांखालच्या मुलाला ते शेंगदाण्यासकट देऊ नका. दाणा श्वासनळीत अडकला तर नुसत्या पाठीवर थोपटण्याने निघत नाही. घरीच चिरमुरे वेगळे करून डब्यात भरा. द्राक्षं न्यायची तर उभी चार तुकडे करून न्या. आख्खं द्राक्ष गोल आणि निसरडं असतं, नेमकं घशाच्या मापाचं. बेदाणा मऊ असला तरी चिकट असतो, तीन वर्षांखालच्याला बारीक चिरून द्या. दहीभात मात्र घरीच ठेवा. उन्हात दोन तासांत तो आंबतो.

पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली प्रत्येक मुलाला वेगळी आणि मोठ्यांना एक-एक लिटरची. मुलं तहान लागली असं सांगत नाहीत, त्यामुळे दर पंधरा-वीस मिनिटांनी तीन-चार घोट पाजत राहायचं. सहा महिन्यांखालच्या तान्ह्या बाळाला वरचं पाणी नको, उन्हाळ्यातही नको. अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा द्या. ओआरएसचं पाकीट सोबत असू द्या, पण किती पाण्याचं ते बघून घ्या. मोठं पाकीट एक लिटरचं असतं आणि लहान दोनशे मिलिलिटरचं. मोठं पाकीट पेल्याभर पाण्यात कालवलं तर फायद्याऐवजी अपाय होतो.

ऊन लागलं हे लवकर कसं कळेल? (माधवनगर)

चेहरा लाल, चिडचिड, डोकं दुखणं, मळमळ, लघवी गडद पिवळी किंवा बराच वेळ न होणं ही पहिली पायरी. सावलीत बसवा, कपडे सैल करा आणि थोडं थोडं पाणी पाजा. मूल अर्ध्या तासात सावरलं पाहिजे.

बोलणं अडखळलं, मूल भांबावलं, गुंगीत गेलं, झटका आला किंवा अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात. लगेच १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत मूल गार करत राहा. कपडे काढा, अंगावर पाणी ओता आणि पुठ्ठ्याने वारा घाला. गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाचं औषधही देऊ नका, कारण हा जंतूंचा ताप नाही आणि त्या औषधाने तो उतरत नाही.

तीन वर्षांच्या मुलीला मिकीमाऊसच्या जंपिंगवर सोडू का? (कुपवाड)

सोडा, पण आधी दोन मिनिटं बाजूला उभं राहून बघा. कोपऱ्यातले दोर खुंट्यांना बांधलेत की नुसते दगडाखाली दाबलेत? हवेचा पंखा कुठल्या तारेवर चालतो, आणि त्या तारेत लोक अडखळतायत का? वीज गेली की पंखा थांबतो आणि अख्खं जंपिंग मुलांच्या अंगावर कलंडत खाली बसतं. त्यामुळे आपलं माणूस दाराशीच हवं, खुर्चीवर फोन बघत बसलेलं नको.

इथली दुखापत नुसत्या पडण्याने होत नाही. मोठं पोर लहानावर आपटतं, त्यानेही होते. दहा-बारा वर्षांची मुलं आत असतील तर मुलीला थांबवा आणि चालवणाऱ्याला सांगून फक्त लहानांची पाळी लावून घ्या. मागणी चारपाच पालकांनी मिळून केली की तो ऐकतो. आत जाताना चप्पल, क्लिपा, चष्मा, खिशातल्या वस्तू काढा, तोंडातलं चॉकलेटही. पाच मिनिटं पुरेत. मंडपाचं कापड फडफडायला लागलं की लगेच बाहेर.

गर्दीत मूल हरवलं तर? विचारानेच धडकी भरते. (तासगाव)

मैदानात शिरायच्या आधी फाटकापाशी प्रत्येक मुलाचा उभा फोटो काढा. आज कुठला शर्ट घातलाय हे घाबरलेल्या आईला आठवत नाही, फोटोत मात्र दिसतं. औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी मनगटाला गुंडाळून त्यावर दोन मोबाइल नंबर लिहा. नुसता हातावर बॉलपेनने लिहिलेला नंबर घामाने अर्ध्या तासात जातो. नाव मात्र बाहेर दिसेल असं लिहू नका. नाव वाचून कुणीही ओळखीचा असल्यासारखा हाक मारू शकतो. घरी आठवडाभर आधीपासून ‘आईचं नाव काय’ विचारत जा. पुष्कळ मुलं पोलिसालाही ‘आई’ एवढंच सांगतात. मुलाला शिकवायचं एवढंच: हरवलास तर चालायचं नाही, तिथेच थांबून हाका मारायच्या. कुणाला सांगायचं तर पोलीस, होमगार्ड किंवा कडेवर मूल असलेली बाई.

हरवलंच तर एकाने शेवटचं दिसलं त्या जागी थांबायचं आणि दुसऱ्याने सरळ मंचाकडे जायचं. स्वयंसेवकांकडून आधी फाटकावर माणूस उभा करवायचा आणि मग घोषणा. मैदान नदीच्या घाटाजवळ असेल, किंवा विहीर, टाकी, उघडं गटार जवळ असेल, तर पहिला माणूस तिकडे धावला पाहिजे. मंडपात शोधण्यात पाच मिनिटं घालवू नका. घोषणेत कपड्यांचं वर्णन द्या, पण एक खूण राखून ठेवा, उदाहरणार्थ बनियनचा रंग. मूल न्यायला आलेल्याला तीच विचारायची. ११२ ला कळवायला वाट बघत बसू नका. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे.

वळीव आला तर मंडपात थांबावं का? (कवठेमहांकाळ)

नाही. वळवाच्या पावसाआधी वारा येतो, आणि मंडप पडतो तो पाण्यापेक्षा त्या वाऱ्याने. आभाळ काळं भरून आलं, धूळ उठली आणि एकदम गार झुळूक लागली की हातातला खेळ टाकून निघा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीस होण्याआधी आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जा. झाड, लोखंडी खांब, कमान आणि दुचाकी या चारही जागा वाईट. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

पाऊस थांबल्यावर काळ्या मातीचा चिखल चपलेला किलोकिलोने चिकटतो आणि पट्टा तुटतो. मुलांना मागे पट्टा असलेली सँडल घाला. एक जुना टॉवेल आणि दोन रिकाम्या पिशव्या गाडीच्या डिकीत असू द्या.

माझा पाच वर्षांचा मुलगा स्पीकर सुरू झाला की कान झाकून रडतो. लोक म्हणतात सवय लावा. (सांगली, गावभाग)

आवाजाची सवय म्हणजे पुष्कळदा कानाची हानी असते, त्यामुळे ती लावायची नसते. तुम्हाला हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कुठल्याच मुलासाठी ठीक नाही. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दहा मीटरवरून वीसवर, वीसवरून चाळीसवर जाऊन बघा. कर्ण्याच्या तोंडासमोर बसू नका, मागच्या किंवा बाजूच्या अंगाला बसा. कापसाच्या बोळ्याने फारसं काही अडत नाही. बाहेरून कानावर बसणारे मफ घ्या आणि ते घरी दोन-तीन दिवस घालून खेळवा, मग तो मैदानात ओढून काढत नाही. मातीकाम, ठसेकाम हे स्टॉल बहुधा मंचापासून लांब असतात. त्याला तेवढंच दाखवून आणलं तरी तो मेळ्याला जाऊन आलाच.

जाता जाता दोन गोष्टी, ज्या कुणी विचारल्या नाहीत. अंधार पडल्यावर लुकलुकणारी अंगठी, हेअरबँड, भोवरा विकायला येतात. त्यात बटणासारखा सेल असतो. झाकण स्क्रूने बंद नसेल तर घेऊच नका. तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिकेला जखम होऊ शकते, म्हणून शंका आली तरी उलटी न करवता थेट मोठ्या रुग्णालयात न्या. आणि पाच मिनिटांत काळीभोर रंगणारी मेंदी मुलांच्या हातावर काढू नका. तो रंग मेंदीचा नसतो, केसांच्या कलपातल्या रसायनाचा असतो. फोड येतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतो.

निघताना होणाऱ्या रडारडीबद्दल जवळपास सगळ्याच पत्रांत लिहिलंय. ‘चला’ असं एकदम म्हणू नका. घरून निघतानाच सांगा की बाहुल्यांचा खेळ संपला की रिक्षा. मग दहा मिनिटं आधी एकदा आणि दोन मिनिटं आधी एकदा आठवण द्या. फुगा हवाच असेल तर तो फाटकाबाहेर पडताना घ्या, तोंडाने फुगवलेला. सिलिंडरमधला उडणारा नको, कारण त्यात हायड्रोजन असू शकतो आणि तो ठिणगीने पेट घेतो. फुटला तर रबराचे तुकडे तिथेच गोळा करा, ते मुलांच्या घशात अडकतात. दुचाकीवर चौघं बसून परत येऊ नका. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा लागतो, आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत ठेवायचा असतो. रिक्षात बसल्यावर डब्यातली उरलेली दशमी हातात द्या. मूल खाता खाता झोपलं तर तोंडातला घास बोटाने काढून घ्या, आणि घरी आल्यावर आधी पाय पुसा, मग गादीवर टाका.