गडग्याचे पैसे मिळतील, स्लॅबचा वाढलेला खर्च नाही

मालवणजवळच्या एका कॉन्ट्रॅक्टरनी विचारलंय. मुंबईतल्या मालकाचं होमस्टेचं घर त्यांनी 46 लाखांत उक्तं घेतलं होतं, लेखी करार आहे. काम चालू असताना मालकांनी दोन बदल सांगितले. कौलांऐवजी स्लॅब, आणि तारेच्या कुंपणाऐवजी चिऱ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपणभिंत. स्लॅबचा आकडा यांनी व्हॉट्सॲपवर कळवला, 3,85,000, मालक म्हणाले ‘ओके, करा’, प्रत्यक्षात खर्च झाला 5,10,000. गडग्याचा आकडा ठरलाच नाही, फोनवर नुसतं ‘तू करून टाक, पैशाचा मागसून बघूया’. मूळ 46 लाख मिळाले, जादा कामाचा एक रुपया नाही. आता हे स्लॅबचे 5,10,000 आणि गडग्याचे 2,60,000 असे 7,70,000 मागतायत, आणि मालकांच्या वकिलांचं उत्तर आलंय की लेखी मंजुरी नाही, बिल उशिरा दिलंत, काही मिळणार नाही.

अशी पत्रं मला सारखी येतात, फक्त गाव आणि काम बदलतं. कुणाची विहीर खोल केलेली असते, कुणाचा पोटमाळा वाढवलेला, पावसाआधी उरकायचं म्हणून सगळं तोंडावर. लेखी घ्यायला हवं होतं हे तुम्हाला आता मी सांगायची गरज नाही, ते सोडते. तुम्ही सहा पानं भरून मालक कसे वागले ते लिहिलंयत आणि करारातलं जे कलम सगळं ठरवतं त्याचा एका ओळीत उल्लेख आहे, ‘कलम 11 तर त्यांच्याच बाजूचं आहे’. नाही हो, ते तुमच्या बाजूचं आहे, अर्धं तरी. फोटो पाठवलात त्यात मी ते तीनदा वाचलं. ते असं:

‘कामात बदल केल्यास त्याची ठोक रक्कम काम सुरू होण्यापूर्वी उभयतांनी लेखी ठरवावी. तशी रक्कम ठरली नसल्यास व मालकाच्या सांगण्यावरून काम झाले असल्यास जोडपत्र ब मधील दरांनी, व तेथे दर नसल्यास वाजवी बाजारभावाने, मोजमाप करून हिशोब करावा.’

यात दोन रस्ते आहेत. आकडा ठरला असेल तर आकडा, नसेल ठरला तर मोजमाप. तिसरा रस्ता, म्हणजे ‘मला प्रत्यक्ष किती खर्च आला’, तो या कलमात कुठेच नाही आणि तुमची सगळी मागणी त्याच तिसऱ्या रस्त्यावर उभी आहे.

आधी स्लॅब. तुम्ही 3,85,000 कळवले, त्यांनी ओके म्हटलं, तुम्ही सेंट्रिंग लावलं. रक्कम ठरली. व्हॉट्सॲपवरचं ‘लेखी’ धरायचं का यावर समोरचे वकील वाद घालतील, पण माझ्या मते धरलं जाईल, लेखी म्हणजे स्टॅम्पपेपरच असं करारात कुठे म्हटलेलं नाही. आता तुमचं म्हणणं असं की घाटीच्या अरुंद रस्त्यामुळे मिक्सरची गाडी वर आली नाही, खडी-वाळू डोक्यावरून न्यावी लागली, आणि सळीचा भाव वाढला. सगळं खरं असेल. पण ठोक आकडा देताना हे सगळं त्यात धरायचं असतं, वाहतूक, मजुरी, भाववाढ, वाढलेले दिवस, सेंट्रिंगचं भाडं, सगळं. रस्ता तुम्ही आधी बघितला होता ना? उलटा विचार करा, खर्च 3 लाखच आला असता तर उरलेले 85 हजार तुम्ही मालकांना परत नेऊन दिले असतेत का? नसतेत, आणि कायद्यानेही द्यावे लागले नसते. तोच नियम आता तुमच्या विरुद्ध लागतो. सुप्रीम कोर्टाने 1960 साली अलोपी परशादच्या खटल्यात हेच सांगितलंय की करारात भाव ठरलेला असेल तर पुढे खर्च वाढला म्हणून त्या भावाच्या पलीकडे मागता येत नाही. वरचे 1,25,000 सोडा. मागत राहिलात तर बाकीच्या खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडेल, जज लोक हे लगेच ओळखतात.

पण 3,85,000 पूर्ण मागा, त्यातून काही कापू देऊ नका. मालक म्हणतायत कौलारू छपराचे 1,60,000 मूळ 46 लाखांतच होते, छप्पर तर झालंच नाही, तेवढे वजा करा. साधारणपणे हे बरोबर असतं, बदल म्हणजे वाढलेलं वजा गळलेलं. पण तुमचा मेसेज मी नीट बघितला, ‘कौलं कॅन्सल, स्लॅब घालू, जादा 3,85,000 होतील’. त्यात ‘जादा’ हा शब्द आहे आणि कौलं रद्द केल्याचा उल्लेख त्याच ओळीत आहे. म्हणजे 46 लाखांवर आणखी 3,85,000, कौलांची वजावट धरून, असाच अर्थ निघतो. नुसतं ‘स्लॅबचे 3,85,000’ लिहिलं असतंत तर 1,60,000 गेले असते. कोर्ट वेगळा अर्थ लावणारच नाही अशी हमी मी देत नाही, पण मी हा मुद्दा जोरात मांडेन.

आता गडगा. इथे मालकांचे वकील पहिलं वाक्य वाचून थांबले आणि तुम्हीही घाबरून थांबलात. दुसऱ्या वाक्यात ‘मालकाच्या सांगण्यावरून’ आहे, ‘लेखी सांगण्यावरून’ नाही. तो एक शब्द नाहीये म्हणून तुम्ही वाचलात. (ज्यांच्या करारात ‘लेखी आदेशाशिवाय कोणत्याही जादा कामाचे पैसे देय नाहीत’ असं आहे त्यांनी माझं हे उत्तर स्वतःला लावून घेऊ नये, त्यांचा रस्ता फार अवघड आहे.) मग प्रश्न उरतो सांगितलं होतं हे सिद्ध करायचा. फोनवरचं बोलणं गेलं ते गेलं. पण तुम्ही दर रविवारी फोटो पाठवत होतात आणि मालकांनी मे 2023 मध्ये उत्तर दिलंय, ‘गडगा मस्त दिसतोय, गेटजवळ एक थर उंच घ्या’. अहो, ही एक ओळ तुमच्या सहा पानांपेक्षा जास्त कामाची आहे. न विचारता बांधलेल्या गडग्याला कोणी एक थर उंच घ्या म्हणत नाही.

हे मेसेज जुन्या फोनवर आहेत आणि तो फोन मुलाकडे आहे असं लिहिलंयत. आजच काढून घ्या. रीसेट करू नका, विकू नका, त्यात काही नवीन टाकू नका. भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, एक भाग तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा आकडा, लिहायची असते. जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात, अर्जुन पंडितराव खोतकर, सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये जुन्या कायद्याखालीही हे प्रमाणपत्र टाळता येत नाही असंच म्हटलं होतं. मूळ फोन स्वतः कोर्टात आणला तर गोष्ट वेगळी, पण फोन बंद पडला तर काय करणार? नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर केस लावू नका.

आणि आकडा 2,60,000 नाही. कलम म्हणतं मोजमाप, तर मोजा. तुम्ही दिलेल्या मापांनी गडगा 180 फूट लांब, 5 फूट उंच, 9 इंच जाड, म्हणजे 675 घनफूट, पाया 2 फूट खोल आणि दीड फूट रुंद, म्हणजे 540 घनफूट. एकूण 1,215 घनफूट, 100 घनफुटांचा एक ब्रास म्हणजे 12.15 ब्रास. जोडपत्र ब मध्ये चिऱ्याच्या बांधकामाचा दर आहे 15,000 रुपये ब्रास, खुदाईसकट. झाले 1,82,250. त्यातून तारेचं कुंपण वजा करायला लागेल, ते मूळ करारात होतं, 60 रुपये फुटाने 10,800. स्लॅबला वजावट नाही आणि इथे आहे, कारण तिथे ठोक आकडा ठरला होता आणि इथे मोजमाप आहे. उरले 1,71,450. गेटचे दोन खांब आणि तो वरचा थर यांचा वेगळा हिशोब, खांबांना जोडपत्रात दर नाही म्हणून बाजारभाव, त्यासाठी त्या वेळची दोन-तीन कोटेशनं किंवा बिलं लागतील. म्हणजे मागणी साधारण 5,56,450 अधिक खांब आणि थर. 7,70,000 नाही, पण हा प्रत्येक रुपया करारातून दाखवता येतो.

पाया जमिनीखाली आहे, ते माप कोण मानणार? चर खणल्यावर टेप लावून काढलेला एक फोटो आहे म्हणालात, तो जपा. आता मालकांना लेखी कळवा की अमुक तारखेला संयुक्त मोजणी करू, इंजिनियर घेऊन या. ते येणार नाहीत, तरी कळवा, रजिस्टर पोस्टाने आणि व्हॉट्सॲपवर दोन्हीकडे. नाही आले तर दावा दाखल झाल्यावर कोर्ट कमिशनर, म्हणजे जागेवर पाहणी करायला कोर्टाने नेमलेला माणूस, मागता येतो, एक-दोन ठिकाणी पाया उघडून बघता येतो.

‘बिल 15 दिवसांत दिलं नाही म्हणून हक्क संपला’ या त्यांच्या, तुमच्या करारातल्या कलम 12 वरच्या मुद्द्याला मी फार घाबरत नाही. करार कायद्याच्या कलम 28 मध्ये 1997 पासून अशी दुरुस्ती आहे की ठरावीक मुदत संपली की हक्कच संपेल अशी अट तेवढ्यापुरती रद्द ठरते. त्यावर उलटसुलट निकाल आहेत, म्हणून नक्की म्हणत नाही. त्याच कायद्याच्या कलम 70 बद्दल विचारलंत, फुकट करायचा हेतू नसताना केलेल्या कामाचा मोबदला, बी. के. मंडलचा 1962 चा निकाल वगैरे. तो निकाल चांगला आहे, पण तिथे वैध करारच नव्हता. तुमच्या करारात भाव कसा लावायचा ते लिहिलेलं आहे, मग कोर्ट आधी करारच बघणार. पर्यायी मुद्दा म्हणून दाव्यात टाका, त्यावर भिस्त नको. जीएसटी आकड्यांत धरलाय की वर आहे ते सीएला विचारा, करारात काहीच नाही. उद्यम नोंदणीवरून लघुउद्योग परिषदेकडे जायचा सल्ला कोणीतरी दिलाय, बांधकामाच्या कंत्राटाला लघुउद्योगांचा कायदा लागतो का यावर वाद आहे, त्यात वेळ घालवू नका.

कारण वेळच नाहीये. याचा मला खरा राग आलाय. अडीच वर्षं तुम्ही ‘गणपतीत मालक येतील, मग बोलू’ करत बसलात. 2023 चे गणपती गेले, 2024 चे गेले, 2025 चे गेले. तुम्ही धरताय की गृहप्रवेश 2023 च्या गणपतीत झाला म्हणजे सप्टेंबर 2026 पर्यंत मुदत आहे. मुदत कायद्याच्या परिशिष्टातला अनुच्छेद 18 म्हणतो की पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून तीन वर्षं. स्लॅब घालून झाला एप्रिल 2023 मध्ये. गडगा संपला 2 जून 2023 ला, मिरगाच्या तोंडावर. समोरचे वकील नक्की म्हणणार की प्रत्येक जादा कामाची मुदत त्या त्या कामापासून मोजा. ते चुकीचं ठरू शकेल, पण त्यावर जुगार कशाला? आता फेब्रुवारी 2026 आहे, एप्रिलचा पहिला आठवडा हीच शेवटची तारीख धरून चाला, मे मध्ये कोर्टाला सुट्टी असते. आणि वकिलाची नोटीस पाठवली म्हणून मुदत थांबत नाही, हे मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी नोटिसांवर नोटिसा पाठवत तीन वर्षं घालवून येतं. मालकांनी मुदतीच्या आत सहीनिशी बाकी मान्य केली किंवा काही रक्कम दिली आणि त्याची लेखी नोंद असेल तरच नवी मुदत मिळते. ‘बघूया’ म्हणजे मान्यता नव्हे.

रक्कम 3 लाखांच्या वर आहे आणि काम होमस्टेचं, त्यामुळे हा व्यावसायिक वाद धरला जायची बरीच शक्यता आहे. तसं असेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम 12अ खाली आधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो, 2022 च्या पाटील ऑटोमेशनच्या निकालानंतर त्याशिवाय दावा फेटाळला जातो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, तुमच्यासाठी ओरोसला. मध्यस्थीत गेलेले दिवस मुदतीत मोजत नाहीत, म्हणून तो अर्ज मार्चमध्येच पडला पाहिजे. मालक तिथे आले तर 4 लाखांच्या आसपास तयार होतील असा माझा अंदाज आहे, आणि झाले तर घ्या. दाव्याला किती वर्षं लागतील ते मी लिहीत नाही, तुमच्या तालुक्यात कुणालाही विचारा. अपील हायकोर्टापर्यंत गेलंच तर निदान आता कोकणकन्येने रात्रभर मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गाची कामं हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलीत.

वकिलाकडे जाताना मूळ करार, जोडपत्र ब, चराचा तो टेपवाला फोटो आणि मुलाकडचा फोन चार्ज करून घेऊन जा. या आठवड्यातच.