युद्ध झालेले शेजारी देश पुन्हा एकत्र कामाला कसे लागतात? सावा नदीवरून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आहे: "ज्या देशांत आपापसांत युद्ध झालं, त्यांच्यात पुन्हा चांगले शेजारसंबंध कसे तयार होतात? आधी माफी आणि न्याय, मग सहकार्य, असा काही क्रम असतो का?"

क्रमाबद्दल आधी स्पष्ट सांगतो. असा क्रम नसतो, आणि तो असायलाच हवा असा हट्ट धरणाऱ्यांनी माझ्या मते बरंच नुकसान केलं आहे. पूर नियंत्रणाच्या कामातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांशी माझा याच मुद्द्यावर जुना वाद आहे. त्यांच्या मते जखमा भरण्याआधी सुरू झालेलं सहकार्य म्हणजे देणगीदारांच्या पैशावरचा देखावा. मला हे कधीच पटलेलं नाही, आणि का ते सावा नदीवरून सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी-फ्रान्सने कोळसा-पोलाद उद्योग सामाईक यंत्रणेखाली आणला, ते उदाहरण सगळे देतात. सावाचं कोणी देत नाही, आणि तुमच्या प्रश्नाला तेच जास्त लागू पडतं.

सावा स्लोव्हेनियाच्या आल्प्समध्ये उगम पावते, झाग्रेबवरून येते, मग क्रोएशिया आणि बॉस्नियाची सीमा होऊन वाहते, पुढे काही अंतर बॉस्निया आणि सर्बियाची, आणि बेलग्रेडला डॅन्यूबला मिळते. लांबी सुमारे 945 किलोमीटर. 1991 पर्यंत ती एकाच देशातली नदी होती. युगोस्लाव्हिया फुटल्यावर ती चार देशांची झाली आणि त्यांतल्या तिघांमध्ये 1995 पर्यंत लढाई चालली. नदीवरचे पूल उडवले गेले; बॉस्नियातल्या ब्रच्कोचा पूल 30 एप्रिल 1992 ला गेला. काठांवर सुरुंग पेरले गेले. अख्ख्या खोऱ्याचं एकत्र व्यवस्थापन करणारी यंत्रणा जवळजवळ दहा वर्षं नव्हती. पाणी मात्र वाहतच होतं.

नोव्हेंबर 2001 मध्ये सारायेव्होत चार देशांनी इरादापत्रावर सह्या केल्या. 3 डिसेंबर 2002 ला स्लोव्हेनियातल्या क्रान्यस्का गोरा इथे सावा खोऱ्याचा चौकट करार झाला, तो डिसेंबर 2004 मध्ये अमलात आला, आणि जानेवारी 2006 पासून झाग्रेबमध्ये सावा आयोगाचं सचिवालय कामाला लागलं.

आता त्याच काळात हेगमध्ये काय चाललं होतं ते पाहा. सर्बियाचे युद्धकाळातले नेते मिलोशेविच यांच्यावरचा युद्धगुन्ह्यांचा खटला फेब्रुवारी 2002 मध्ये सुरू झाला होता. बॉस्नियाने 1993 मध्येच आंतरराष्ट्रीय न्यायालयात युगोस्लाव्हियाविरुद्ध वंशसंहाराचा दावा लावला होता. त्याचा निकाल 2007 मध्ये आला. क्रोएशियाने 1999 मध्ये तसाच दावा लावला, सर्बियाने 2010 मध्ये प्रतिदावा लावला, आणि फेब्रुवारी 2015 मध्ये दोन्ही फेटाळले गेले. म्हणजे हे देश न्यायालयात एकमेकांवर वंशसंहाराचा आरोप करत होते आणि त्याच वर्षांत एका टेबलाशी बसून पाणीपातळीचे आकडे जुळवत होते. पुराविषयीचा खास प्रोटोकॉल जून 2010 मध्ये ग्रादिश्काला सही झाला, सर्बियाचा प्रतिदावा दाखल झाल्यावर पाच महिन्यांनी.

हे जमलं कारण आयोगाचं काम मुद्दाम अरुंद ठेवलं होतं. जलवाहतूक, पाण्याचं व्यवस्थापन, आणि पूर, बर्फ, दुष्काळ, प्रदूषण अशा आपत्ती, एवढंच. प्रत्येक देशाला एक मत, निर्णय एकमतानेच. बंधनकारक निर्णय फक्त जलवाहतुकीबाबत, बाकी सगळ्या शिफारशी. लोक याला दुबळेपणा म्हणतात. माझ्या मते सुरुवात एवढ्यावरच होऊ शकत होती, कारण कोणाच्याही संसदेत "आपलं सार्वभौमत्व विकलं" अशी ओरड व्हायला जागा राहिली नाही.

खरं काम मात्र करारात दिसत नाही, आणि तुम्ही जर असं काही उभं करायच्या विचारात असाल तर ते नीट समजून घ्या. दोन देशांनी "माहितीची देवाणघेवाण करू" असं लिहून काहीच होत नाही. कोणती मोजणी केंद्रं, दर किती वेळाने, कोणत्या एककात, हे ठरवावं लागतं. वेळ स्थानिक की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, हेसुद्धा लिहून ठेवावं लागतं. युरोपात मार्चमध्ये घड्याळं तासाने पुढे जातात. एका बाजूचं स्वयंचलित यंत्र जुन्या वेळेवर राहिलं, तर पुराचा माथा कागदावर एक तास आधी किंवा नंतर पोहोचतो.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे उंचीचा पाया. युगोस्लाव्हियात सगळ्या उंच्या इटलीतल्या त्रिएस्ते बंदराच्या 1875 च्या समुद्रपातळीवरून मोजत. फुटीनंतर क्रोएशियाने एड्रियाटिकवरच्या पाच भरती-ओहोटी केंद्रांवर आधारलेली नवी पद्धत घेतली, स्लोव्हेनियाने पुढे आपल्या कोपर बंदराची. त्यामुळे समोरासमोरच्या दोन काठांवरचा "समुद्रसपाटीपासून 80 मीटर" हा आकडा एकच राहिला नाही. फरक सेंटिमीटरांत असतो, म्हणून तो क्षुल्लक वाटतो. पण क्रोएशियातल्या सिसाकपासून बेलग्रेडपर्यंत, साधारण 594 किलोमीटरमध्ये, सावा किलोमीटरला जेमतेम 4 सेंटिमीटर उतरते. समजा 20 सेंटिमीटरचा फरक दुरुस्त न करता राहिला, तर गणितात नदी पाच किलोमीटर सरकली. पुराच्या त्या गणिती प्रारूपावरून कुठला बांध आधी ओलांडला जाईल हे सांगायला गेलात तर चुकीच्या गावाला उठवाल. म्हणून प्रत्येक मोजपट्टीच्या शून्याची उंची दोन्ही पद्धतींत नोंदवायची आणि ती नोंद डेटासोबतच पाठवायची.

पुढचा घोळ पातळीवरून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती पाणी वाहतं ते, काढताना होतो. पातळी पट्टीवर वाचता येते. विसर्ग मात्र पातळी-विसर्ग वक्रावरून काढतात, आणि तो वक्र प्रत्यक्ष मोजणी करून बसवावा लागतो. पात्रात गाळ बसला किंवा खोदाई झाली की तो बदलतो. सीमेवरच्या टप्प्यात एकच पाणी दोन देश मोजतात आणि दोघांचे विसर्ग वेगळे येतात. उपाय एकच: दोन्हीकडच्या लोकांनी एकाच होडीतून, एकाच दिवशी, एकाच यंत्राने मोजायचं. माझ्या लेखी शेजारसंबंध म्हणजे ती होडी. अशा मोजण्यांच्या आधारावरच पुढे सामाईक जलवार्षिकी, म्हणजे वर्षभराच्या पाण्याच्या नोंदींचं पुस्तक, निघू लागली.

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांना हे फार समजावून सांगायची गरज नाही. "वरून किती सोडलं" आणि "अलमट्टीचा फुगवटा कुठवर येतो" हे वाद एकाच देशातल्या दोन राज्यांत किती तापतात ते 2005 आणि 2019 मध्ये आपण पाहिलं. तिथे तर मध्ये युद्ध होतं.

आता मे 2014 कडे येतो, कारण या सगळ्याची परीक्षा तेव्हा झाली आणि ती अर्धीच पास झाली. 13 मेपासून काही दिवस बॉस्निया आणि सर्बियावर विक्रमी पाऊस पडला. बॉस्ना, व्रबास, द्रिना या उपनद्या एकदम फुगल्या. बॉस्नियातली दोबोय आणि माग्लाय ही शहरं पाण्याखाली गेली. सर्बियात कोलुबारा नदीने ओब्रेनोवाट्स शहर बुडवलं, आणि देशाची बरीच वीज तयार करणारं औष्णिक केंद्र त्याच्या शेजारीच. 17 मेला क्रोएशियाच्या बाजूचा सावाचा बांध दोन ठिकाणी फुटला आणि ब्रच्कोच्या समोरचं गुन्या गाव बुडालं. सगळे देश मिळून साठहून जास्त माणसं गेली. बॉस्नियात दोन हजारांहून अधिक दरडी कोसळल्या, आणि त्यांनी युद्धातले सुरुंग जागेवरून हलवले, धोक्याच्या पाट्या वाहून नेल्या. ज्या शेतांचे नकाशे वर्षानुवर्षं खपून तयार केले होते, त्यांतल्या काहींवर आता विसंबता येईना.

त्या दिवशी 2010 च्या पूर प्रोटोकॉलची स्थिती काय होती? सह्या झाल्या होत्या, पण सर्वांची मान्यता पूर्ण झाली नव्हती. तो अमलात आला 27 नोव्हेंबर 2015 ला, पुरानंतर दीड वर्षाने. मला या गोष्टीचा आजही राग येतो. साडेपाच वर्षं एक तांत्रिक कागद संसदांच्या दप्तरात फिरत राहिला. बॉस्नियाची गुंतागुंत मी समजू शकतो: राज्यघटनेने पाणी हा विषय दोन घटक प्रदेशांकडे दिला आहे, हवामान संस्था दोन, एक सारायेव्होत आणि एक बान्या लुकात, खोरे यंत्रणाही वेगळ्या, शिवाय ब्रच्को हा स्वतंत्र जिल्हा. तरीही साडेपाच वर्षं फार झाली. तुम्ही असा करार लिहिणार असाल तर एक कलम पहिल्याच मसुद्यात घाला: मान्यता मिळेपर्यंत माहितीची देवाणघेवाण तात्पुरती लागू राहील. सही आणि अंमल यांच्या मधली वर्षं उघडी सोडू नका. पूर मान्यतेची वाट पाहत नाही.

पुरानंतर गती आली. 2014 मध्येच जलविज्ञान आणि हवामानाच्या माहितीच्या देवाणघेवाणीचं सामाईक धोरण ठरलं. त्यासाठी जागतिक हवामान संघटनेचे 40 आणि 25 क्रमांकांचे ठराव आधाराला घेतले. हा बारकावा महत्त्वाचा आहे: शेजाऱ्याच्या अटी मान्य करणं संसदेत जड जातं, पण चारही देश ज्या संघटनेचे सदस्य आहेत तिचा ठराव मान्य करायला कोणाचा मान कमी होत नाही. 2018 मध्ये अख्ख्या खोऱ्याची पूर-अंदाज आणि इशारा यंत्रणा सुरू झाली. ती नेदरलँड्सच्या डेल्फ्ट-फ्यूज या प्रणालीवर चालते. या प्रणालीत प्रत्येक देशाला आपलं प्रारूप तसंच ठेवता येतं. माहिती एका ठिकाणी येते, निकाल सगळ्यांना दिसतात. "आमचंच प्रारूप चांगलं" हा वाद संपवत बसावं लागलं नाही, म्हणून काम झालं.

एक मोठं भगदाड अजून आहे. द्रिना ही सावाची सर्वांत मोठी उपनदी. तिच्या खोऱ्यात माँटेनेग्रोत पिवा नदीवर 220 मीटर उंचीचं म्रातिन्ये धरण, बॉस्नियात विशेग्राद, मग सीमेवर बायना बाश्ता आणि झ्वॉर्निक. एकाच पाण्यावर तीन देशांतल्या वीज कंपन्या. वीज कंपनीला तळं भरलेलं हवं असतं, कारण पाण्याच्या उंचीवर तिचा पैसा आहे. पूर अडवायला तळं काही प्रमाणात रिकामं लागतं. हे दोन्ही एकत्र होत नाही, आणि रिकाम्या जागेची भरपाई कोण देणार हे ठरल्याशिवाय कोणी दारं आधी उघडत नाही. शिवाय माँटेनेग्रो चौकट कराराचा सदस्य नाही. त्याच्याशी तांत्रिक पातळीवरच काम चालतं. जलवाहतुकीचीही हीच कथा. करारात ती पहिल्या क्रमांकावर होती, पण काठावरचे सुरुंग आणि उथळ पात्र यांमुळे ती सर्वांत मागे राहिली.

माझ्या स्नेह्यांच्या बाजूने दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. पहिली, नेते बदलल्याशिवाय यातलं काही झालं नसतं. क्रोएशियाचे अध्यक्ष तुजमान डिसेंबर 1999 मध्ये वारले, मिलोशेविच ऑक्टोबर 2000 मध्ये पायउतार झाले, आणि इरादापत्र त्यानंतर वर्षाने आलं. अभियंते आधीपासून तयार असतीलही, पण त्यांना परवानगी वरूनच मिळते. दुसरी, पाण्याच्या आकड्यांनी न्याय होत नाही. बॉस्नियातलं स्रेब्रेनित्साचं 1995 चं हत्याकांड घडलं नाही असं म्हणणारे आजही आहेत, आणि उत्तम चालणाऱ्या पूर यंत्रणेने त्यांच्यातला एकही कमी केलेला नाही.

पण मग पेरुचाट्सचं काय, हे मी त्यांना दर वेळी विचारतो. 1992 मध्ये विशेग्रादमध्ये मारलेल्या माणसांची प्रेतं द्रिनेत टाकली होती. ती वाहत खाली बायना बाश्ता धरणाच्या पेरुचाट्स तळ्यात गेली आणि गाळात राहिली. 2010 च्या उन्हाळ्यात धरणाच्या दुरुस्तीसाठी तळ्याची पातळी उतरवावी लागली. धरण चालवणारी कंपनी सर्बियाची, बेपत्ता माणसांचा शोध घेणारी संस्था बॉस्नियाची, तळ दोन्ही देशांत. पाणी कधी उतरणार, किती उतरणार, किती दिवस खाली राहणार, हे धरणवाल्यांनी न कळवता शोध घेता आलाच नसता. सर्बियाच्या बेपत्ता व्यक्ती आयोगाची माणसं एका काठावर, बॉस्नियाची दुसऱ्या काठावर, आणि स्वयंसेवक चिखलात. शंभरहून जास्त माणसांचे अवशेष मिळाले. काही जणांच्या घरच्यांना अठरा वर्षांनी दफन करता आलं. मग दुरुस्ती संपली आणि तळं पुन्हा भरायला घेतलं.