गोळीत बेडूक नाही हो!

प्रश्न : सर, सुनेला तिसरा महिना आहे. डॉक्टरांनी फॉलिक ॲसिडची गोळी दिली आहे. पुतण्या म्हणतो, हे जीवनसत्त्व आतड्यात ओढून घेणारं माणसाचं प्रथिन शास्त्रज्ञ बेडकाच्या अंड्यात बनवतात. आमच्या सासूबाई माळकरी. गोळी बंद करावी का? (एक वाचक, वाई)

उत्तर : ताई, गोळी चालू ठेवा, मग पुढचं वाचा. त्यातलं फॉलिक ॲसिड कारखान्यात रसायनांपासून बनतं. बेडकाचा संबंध नाही.

पुतण्या मात्र खोटं बोलत नाही. फोलेट, म्हणजे हेच जीवनसत्त्व, आतड्याच्या पेशीत घ्यायला पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं. पण तिथे प्रथिनांची ही गर्दी! नेमकं कोणतं ते कसं ओळखणार? म्हणून ते एकटं दुसरीकडे नेऊन बघायचं. आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकीचं कच्चं अंडं म्हणजे मोहरीएवढी एकच पेशी, अर्धी तपकिरी, अर्धी दुधी. काचेच्या सुईने तिच्यात थेंबाच्या हजाराव्या भागाएवढा द्रव टोचतात. त्यात माणसाच्या प्रथिनाची कृती असते, आरएनएच्या रूपात. परकी कृती वाचून अंडं प्रथिन बनवतं, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये सशाच्या हिमोग्लोबिनवर दाखवलं होतं.

दोन-तीन दिवसांनी ती अंडी किरणोत्सारी खूण केलेल्या फोलेटच्या पाण्यात सोडायची. शेजारी नुसतं पाणी टोचलेली अंडी. कुणी किती ओढलं ते मोजायचं.

गंमत म्हणजे या प्रथिनाचं बारसं दोनदा झालं. २००५ मध्ये ते अन्नातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग, आतड्यात ओढून घेतं असं जाहीर झालं. २००६ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं, याचं खरं काम फोलेट नेण्याचं. तेही द्रव आंबट असेल तरच जोरात. साध्या पाण्यात ते जवळपास बसूनच राहतं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अस्तरालगत आंबटपणा असतोच, म्हणजे जागाही जुळली. काही तान्ह्या बाळांना जन्मतःच फोलेट पचनी पडत नाही, रक्त कमी होत जातं. त्यांच्यात याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड सापडला. अशा बाळांना फोलेट बहुधा इंजेक्शनने द्यावं लागतं. सुनेच्या गोळीशी याची गल्लत करू नका.

सासूबाई विचारतीलच, बेडकीचं काय? भूल देतात, पोटाला लहानसा छेद घेऊन अंडाशयाचा तुकडा काढतात आणि टाके घालतात. ती पुन्हा पोहायला लागते. आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून आम्ही जे बेडूक फाडले, त्यांना टाके कुणी घातले नाहीत.